वरानचं डोकं, आणि डिफेंडरच्या वाट्याला येणारं हेडर

फ्रान्सचा फुटबॉलपटू राफाएल वरान, म्हणजे आपल्या गोलपुढे उभा राहून समोरच्यांना अडवणारा डिफेंडर, सप्टेंबर २०२४ मध्ये रिटायर झाला तेव्हा जेमतेम ३१ वर्षांचा होता. रिआल माद्रिदकडून चार चॅम्पियन्स लीग, फ्रान्सकडून ९३ मॅचेस, २०१८ चा वर्ल्ड कप, आणि त्याच वर्ल्ड कपमध्ये उरुग्वेविरुद्ध त्याचा तो गोल, तोही हेडरनेच, म्हणजे डोक्याने बॉल मारून! खेळ थांबवला गुडघ्याने, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्याने २०२४ च्याच एप्रिलमध्ये आपल्या डोक्याला बसलेल्या फटक्यांबद्दल सांगितलेलं.

२०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये नायजेरियाविरुद्ध त्याच्या डोक्याला जोरात लागलं, तीच मॅच पुढे कशी संपवली ते त्याला नीट कळलंच नाही, आणि चारच दिवसांनी जर्मनीविरुद्ध क्वार्टर फायनलला तो परत मैदानात. त्यात जर्मनीच्या हुमेल्सने त्याच्याच अंगावरून हेडर मारून गोल केला आणि फ्रान्स १-० ने बाहेर.

आता आत नेमकं काय होतं बघा. मेंदू असतो खरवसासारखा मऊ, आणि कवटीत द्रवात तरंगत असतो. फटक्याने डोकं गर्रकन वळलं की कवटी आधी फिरते, मेंदू मागून येतो आणि या ओढाताणीत आतले बारीक तंतू ताणले जातात. पेशीतलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत घुसतं, हे सगळं परत जागेवर आणायला पेशीला भरपूर ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी पडू शकतो. हेच कन्कशन. यात काही फुटत नाही, रक्त साचत नाही, म्हणून सीटी स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मल येतो आणि सगळ्यांना वाटतं पोरगं ठणठणीत आहे. पण सावरायच्या आधीच दुसरा फटका बसला तर तो जास्त महागात पडतो, चार दिवस म्हणजे काहीच नाही हो.

आणि डिफेंडरलाच का? गोलकीपरने लांब उडवलेला चारशेहून जास्त ग्रॅमचा बॉल वेगात खाली येतो तो बहुतेक त्याच्याच डोक्यावर, आणि प्रॅक्टिसमधले हेडर वेगळेच. ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी प्रोफेशनल खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. डिमेन्शियासारख्या (स्मृतिभ्रंश) मेंदूच्या आजारांचा धोका गोलकीपरना साधारण सामान्य माणसांइतकाच, डिफेंडरना मात्र जवळपास पाचपट. हेडरमुळेच होतं हे यातून सिद्ध होत नाही, पण एकाच खेळात जागेनुसार एवढा फरक पडतो म्हटल्यावर संशय दुसरीकडे कुठे जाणार?

वरानने २०२४ मध्ये सांगितलं की आपल्या तेव्हा ७ वर्षांच्या मुलाला त्याने हेडर मारू नकोस असं सांगून ठेवलंय.