सिगारेट कधी ओढली नाही, मग घशाचा कॅन्सर कसा?

हा प्रश्न निघाला की पाठोपाठ कोणीतरी पूर्वजन्मीचं पाप काढतंच, आणि मला खरंच संताप येतो, आजारी माणसाला आधीच काय कमी त्रास असतो का!

तंबाखू आणि दारू ही मोठी कारणं आहेतच. दोन्ही एकत्र असली तर धोक्याची नुसती बेरीज होत नाही, जवळजवळ गुणाकार होतो. स्वरयंत्राच्या कॅन्सरला अॅस्बेस्टॉसची धूळही कारण ठरते. पण टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या बऱ्याच कॅन्सरमागे एचपीव्ही नावाचा व्हायरस असतो, विशेषतः त्याचा १६ नंबरचा प्रकार. हाच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरलाही कारणीभूत असतो, आणि त्या शोधासाठी हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं.

आता खरी गंमत. टॉन्सिलमध्ये खोल खाचा असतात, तिथलं अस्तर विरळ असतं, त्यामुळे व्हायरसला खालच्या पेशींपर्यंत पोचणं सोपं जातं. स्वतःच्या डीएनएची कॉपी काढायची पुरेशी यंत्रणा त्याच्याकडे नाही, म्हणून तो पेशीलाच विभाजनाच्या कामाला जुंपतो. त्याचं ई-७ प्रोटीन आरबी नावाचा पेशीचा ब्रेक निकामी करतं. पण असा गोंधळ झाला की पी-५३ हे पेशीतलं राखणदार प्रोटीन जागं होतं आणि पेशीला थांबवतं किंवा सरळ मारून टाकतं, म्हणून मग व्हायरसचं दुसरं प्रोटीन, ई-६, पुढे येतं, ते पेशीचंच एक एन्झाइम पकडून पी-५३ वर युबिक्विटिनचा शिक्का मारायला लावतं, आणि शिक्का बसला की पेशीची कचरा यंत्रणा, म्हणजे प्रोटिअसोम, आपल्याच राखणदाराचे तुकडे करते! सिगारेटवाल्यांच्या गाठीत बहुतेक वेळा पी-५३ चा जीनच बिघडलेला असतो, इथे जीन सहसा शाबूत असतो, फक्त प्रोटीन टिकत नाही. एचपीव्हीच्या गाठी उपचारांना सहसा जास्त चांगला प्रतिसादही देतात.

घाबरून जाऊ नका, बहुतेकांचं शरीर हा व्हायरस एक-दोन वर्षांत हटवतं. तो घशात मुख्यतः मुखमैथुनातून पोचतो, यात लाजून गप्प बसण्यासारखं काही नाही. पेशंटच्या शेजारी बसून कॅन्सर होत नाही. लस आहे, पण ती आधी झालेला संसर्ग घालवत नाही, म्हणून लहान वयात देतात.

या प्रकारात घसा दुखेलच असं नाही, कित्येकदा पहिली खूण म्हणजे मानेतली न दुखणारी गाठ, जी दोन-तीन आठवडे झाले तरी जात नाही. ती कान-नाक-घसा डॉक्टरला दाखवाच.