केबल आणि ब्रॉडबँडची तक्रार: कुठे करायची, कोणते कागद लागतात आणि ती परत का येते

इंटरनेट चार दिवस बंद, केबलवाला फोन उचलत नाही, म्हणून ट्रायकडे, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, तक्रार केली. उत्तर आलं की 'आपली तक्रार संबंधित कंपनीकडे पाठवली आहे'. पुढे काहीच नाही. अशी माणसं मदतीसाठी येतात तेव्हा त्यांना पहिला प्रश्न विचारावा लागतो, 'डॉकेट नंबर आहे का?' म्हणजे तक्रार नोंदवल्यावर कंपनी देते तो क्रमांक. बहुतेकांकडे तो नसतो. असतात ते केबलवाल्याला पाठवलेले व्हॉट्सअॅप मेसेज, त्याचं 'मुलगा पाठवतो' हे उत्तर आणि भरपूर संताप. यातलं काहीही अर्जाच्या रकान्यात बसत नाही.

आधी ट्रायचा गैरसमज दूर करू. १९९७ च्या कायद्याने स्थापन झालेली ही संस्था नियम करते आणि सेवेचा दर्जा ठरवून देते. तुमच्या घरच्या वायरचा वाद सोडवण्याचा अधिकार कायद्याने तिला दिलेलाच नाही. दूरसंचार आणि प्रसारणाचे वाद ऐकणारं टीडीसॅट नावाचं न्यायाधिकरण आहे, पण ग्राहक आयोगात चालू शकेल अशी एकट्या ग्राहकाची तक्रार तिथे चालत नाही. ग्राहकांच्या गटाची चालते. जिल्हाधिकारी कार्यालयाची करमणूक कर शाखा पूर्वी केबलवाल्यांकडून कर गोळा करायची, त्या आठवणीवर काही जण अजून तिथे जातात. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो करच उरला नाही. बिलाच्या किंवा सिग्नलच्या तक्रारीसाठी तिथे हेलपाटा घालू नका.

माणूस एक, रस्ते दोन

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडकतात. टीव्ही आणि नेट या दोन्हींच्या वायरी एकच माणूस आणतो, पैसेही तोच नेतो, त्यामुळे लोक दोन्हींची मिळून एक तक्रार लिहितात. कागदावर मात्र या दोन वेगळ्या सेवा आहेत. टीव्हीच्या बाबतीत तुमच्या गल्लीतला केबलवाला हा स्थानिक ऑपरेटर. त्याला सिग्नल देणारी मोठी कंपनी म्हणजे एमएसओ. नेटच्या बाबतीत तोच माणूस बहुधा एखाद्या इंटरनेट कंपनीचा भागीदार किंवा वसुली करणारा असतो. टीव्हीचा विषय केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे, नेटचा दूरसंचार विभागाकडे. एकाच अर्जात दोन्ही घातलं की तो अर्ज 'आमच्या अखत्यारीत नाही' असा शेरा घेऊन परत येतो, आणि तो कोणत्या अर्ध्या भागासाठी परत आला हेही कोणी सांगत नाही. म्हणून दोन अर्ज करा. कंटाळा आला तरी दोनच.

दोन्ही कंपन्यांची नावं शोधणं हे पहिलं काम. टीव्हीची कंपनी सेट टॉप बॉक्सवर किंवा बॉक्स सुरू होताना पडद्यावर दिसते. नेटची कंपनी ज्या नावाने जीएसटीचं बिल येतं ती. बिलच येत नसेल तर ते मागा. ते मिळेपर्यंत पुढच्या कोणत्याही पायरीला अर्थ नाही. राउटरवर छापलेलं नाव बहुधा राउटर बनवणाऱ्याचं असतं, ते सेवा देणाऱ्याचं समजू नका.

तक्रार कोण करू शकतं

ज्याच्या नावावर कनेक्शन आहे तो. हे सोपं वाटतं, पण घरोघरी खाती बघितली तर सेट टॉप बॉक्स आधीच्या भाडेकरूच्या नावावर निघतो, नेट घरमालकाच्या नावावर असतं, कधी केबलवाल्याने स्वतःच्याच ओळखीतलं एखादं नाव टाकलेलं असतं. हेल्पलाइनवर नोंदलेला मोबाइल क्रमांक विचारतात. तो तुमचा नसेल तर डॉकेट नंबरचा एसएमएस भलत्याच माणसाला जातो. म्हणून तक्रारीच्या आधी खात्यावरचं नाव आणि मोबाइल तपासा, चुकीचं असेल तर लेखी अर्ज देऊन बदलून घ्या.

ग्राहक आयोगाचा दरवाजा थोडा रुंद आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे भरणाऱ्याच्या संमतीने सेवा वापरणाराही ग्राहकच आहे. म्हणजे वडिलांच्या नावावरचं नेट वापरणारी मुलगी तक्रार करू शकते. व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा मात्र यातून वगळलेली आहे. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे, पण ते तक्रारीत स्पष्ट लिहावं लागतं. दुकानातल्या कनेक्शनची तक्रार करताना हे एक वाक्य विसरलं की समोरच्या वकिलाचा पहिला आक्षेप तोच असतो.

कागद

ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, बिलाची प्रत ही नेहमीची मंडळी. अडतो तो कागद वेगळाच असतो, तो म्हणजे ग्राहक अर्जाचा फॉर्म, ज्याला कंपन्या सीएएफ म्हणतात. कनेक्शन देताना तो भरून घेणं आणि त्याची प्रत ग्राहकाला देणं केबलच्या नियमांतच आहे. प्रत्यक्षात ही प्रत क्वचितच कोणाच्या घरी सापडते. नसेल तर कंपनीच्या ग्राहकसेवेच्या ईमेलवर ग्राहक क्रमांक, सेट टॉप बॉक्सचा किंवा त्यात घालायच्या व्ह्यूइंग कार्डचा नंबर देऊन प्रत मागा. प्रत आली तर उत्तम. नाही आली तरी तुम्ही मागितल्याची तारीख तुमच्याकडे राहते, आणि पुढे ती उपयोगी पडते.

दुसरा अडणारा कागद पावतीचा. रोख पैसे आणि कार्डावर मारलेली खूण हा व्यवहार केबलवाल्याच्या सोयीचा आहे, तुमच्या नाही. किमान तक्रारीच्या काळात तरी यूपीआयने किंवा कंपनीच्या अॅपवरून पैसे भरा.

नेटची तक्रार

ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार दोन पायऱ्या आहेत: कंपनीचं तक्रार केंद्र आणि कंपनीचं अपील प्राधिकरण. तक्रार केंद्राच्या टोल फ्री क्रमांकावर फोन केला की डॉकेट नंबर मिळायलाच हवा. 'सिस्टीम डाऊन आहे, नंबर नंतर येईल' असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा आणि पुन्हा करा. अॅपवर नोंदवली तर स्क्रीनशॉट घ्या. केबलवाल्याला केलेला फोन ही तक्रार धरली जात नाही, तो माणूस कितीही चांगला असला तरी.

मुदत सगळ्याच तक्रारींना सारखी नाही. बिलाच्या वादाला कंपनीला आठवड्यांची मुदत असते, बंद पडलेली लाइन तीन दिवसांत सुरू होणं अपेक्षित आहे. त्याहून जास्त दिवस बंद राहिली तर भाड्यात सूट किंवा प्रीपेड असेल तर वैधता वाढवून मिळण्याची तरतूद आहे. ती आपोआप मिळेल या भरवशावर राहू नका, अर्जात बंद असल्याच्या तारखा लिहून मागा.

आता मुदतीचा घोळ. अपील करायला ३० दिवस असतात. लोक हे ३० दिवस वाट पाहण्याचे समजतात: 'कंपनीला महिना द्यावा, मग अपील करू.' उलट आहे. तक्रार मिटवली असं कंपनीने कळवलं की, किंवा मिटवण्याची मुदत संपली की, तुमचे ३० दिवस सुरू होतात. आणि कंपन्या तक्रारी मिटवण्यात तरबेज आहेत. 'ग्राहक घरी नव्हता' असा शेरा मारून, माणूस न पाठवताच तक्रार बंद झाल्याचा एसएमएस येतो. आपण तो जाहिरात समजून पुसून टाकतो. डॉकेट नंबर आल्यापासून कंपनीचा एकही एसएमएस पुसू नका, आणि असा शेरा दिसला तर त्याच दिवशी ईमेलने कळवा की घरी होतो, कोणी आलं नाही.

अपिलाला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. ईमेलने करता येतं. डॉकेट नंबर, तक्रारीची तारीख, काय झालं, काय हवं, एवढं एका पानात लिहा. अपिलावर विचार करणाऱ्या सल्लागार समितीत दोन सदस्य असतात: एक कंपनीचा आणि एक ट्रायकडे नोंदलेल्या ग्राहक संघटनेचा. तुमचं पान वाचणारा निदान एक माणूस कंपनीच्या पगारावर नसतो, तेव्हा शिव्या न लिहिता तारखा लिहा. निर्णय ३९ दिवसांत व्हायला हवा.

वेगाच्या तक्रारी सर्वात जास्त फेटाळल्या जातात. जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस वेग लागतो. तुम्ही १०० चे पैसे भरता आणि ३० मिळतात ही तक्रार त्या व्याख्येवर टिकत नाही, ती टिकते प्लॅनमध्ये दिलेल्या शब्दावर. म्हणून प्लॅन घेतला त्या दिवशीच्या पानाचा स्क्रीनशॉट हवा. वेग मोजताना वायफायवर मोजू नका. लॅपटॉप वायरने राउटरला जोडा, बाकी उपकरणं बंद करा आणि वेगवेगळ्या वेळांचे आकडे ठेवा. नाहीतर उत्तर ठरलेलं आहे, 'आपल्या घरच्या वायफायचा प्रश्न आहे.'

टीव्हीची तक्रार

इथे अपील प्राधिकरण नाही. एमएसओचं ग्राहकसेवा केंद्र, तिथून डॉकेट नंबर, आणि समाधान झालं नाही तर राज्यासाठी नेमलेला नोडल अधिकारी. त्याचं नाव-पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असायला हवा. असतोही, फक्त पानाच्या तळाशी, वाचताच येऊ नये अशा अक्षरात.

एका तक्रारीबद्दल आधीच सांगून ठेवतो: 'नियमाप्रमाणे १३० रुपये आहेत आणि केबलवाला जास्त घेतो.' नेटवर्क शुल्काची, म्हणजे चॅनलच्या पैशांखेरीज जोडणीसाठी दरमहा घेतात त्या रकमेची, १३० रुपयांची मर्यादा होती हे खरं. जुलै २०२४ मधल्या दुरुस्तीने ती काढून टाकली आणि दर ठरवणं कंपन्यांवर सोपवलं. जुने लेख आणि व्हिडिओ बघून केलेले अर्ज त्यामुळे परत येतात. तुमचा मुद्दा टिकतो तो दोन ठिकाणी. कंपनीने स्वतः जाहीर केलेल्या दरापेक्षा जास्त पैसे घेतले, किंवा सुटे चॅनल मागितले असता 'पॅकेजच घ्यावं लागेल' असं सांगितलं. सुटा चॅनल निवडण्याचा हक्क शाबूत आहे. बिलावर नेटवर्क शुल्क, चॅनलचे पैसे आणि १८ टक्के जीएसटी वेगवेगळे दिसले पाहिजेत. एकच गोल आकडा असेल तर आधी तपशील मागा.

केबलवाला मुळात नोंदणीकृत आहे का, हेही विचारायला हरकत नाही. १९९५ च्या केबल कायद्यानुसार नोंदणी सक्तीची आहे. पूर्वी ती मुख्य टपाल कार्यालयात व्हायची, जानेवारी २०२५ पासून मंत्रालयाकडे ऑनलाइन होते आणि पाच वर्षं चालते.

त्यानंतर

कंपनीने दाद दिली नाही तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर जाता येतं. विभाग निवडताना नेटसाठी दूरसंचार विभाग, टीव्हीसाठी माहिती व प्रसारण. नेटच्या तक्रारीत डॉकेट नंबर आणि अपील क्रमांक द्यावा लागतो. काहीतरी आकडे भरून पुढे गेलात तर तक्रार बंद होते. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निपटाऱ्याची मुदत २१ दिवस आहे आणि उत्तर पटलं नाही तर पोर्टलवरच अपील करता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही बोलून बघा, छोट्या परताव्याचे विषय तिथे कधीकधी लवकर सुटतात.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. '२००९ च्या निकालानंतर दूरसंचारच्या तक्रारी तिथे चालत नाहीत' असं अजूनही काही जण सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की चालतात. आधी अपील करणं सक्तीचं नाही. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते, ई-जागृती पोर्टलवरून. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि हे पाच लाख म्हणजे तुम्ही सेवेसाठी भरलेली रक्कम. मागितलेली भरपाई नव्हे. तिथे परत येणाऱ्या तक्रारींत एक दोष वारंवार दिसतो: विरुद्ध पक्षाच्या जागी 'अमुक केबलवाले भाऊ, चौकाजवळ'. कंपनीचं नोंदणीकृत नाव आणि पत्ता लागतो. मुदत दोन वर्षं, कारण घडल्यापासून. मधल्या काळात स्मरणपत्रं पाठवत राहिल्याने ती वाढत नाही.

नवी कंपनी निवडताना

वेग आणि दर सगळेच विचारतात. त्याआधी सीएएफची प्रत, अनामतीची पावती, राउटर विकत की वापरापुरता हे लेखी, आणि अपील प्राधिकरणाचा ईमेल मागा. हे चार कागद द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे वर्षाचे पैसे एकदम भरू नका, सवलत कितीही असली तरी.

जुनं कनेक्शन बंद करताना फोनवर सांगून थांबू नका. बंद करण्याची तारीख लिहून ईमेल करा, अनामतीसाठी बँक खात्याचा तपशील त्यातच द्या. राउटर न्यायला येणाऱ्या मुलाकडून त्याचा सिरियल नंबर लिहिलेली पोच घ्या. पोच पुस्तक नसेल तर राउटर हातात धरलेला फोटो काढून त्याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवा, कारण काही महिन्यांनी 'राउटर परत केला नाही' असं बिल येतं आणि तो मुलगा तोवर नोकरी सोडून गेलेला असतो.