दादर टीटीची ट्राम: पर्यायी इतिहास की समांतर विश्व?

बेस्टचा कंडक्टर आजही 'टीटी, टीटी' असं ओरडतो. त्यातला पहिला 'टी' ट्रामचा, दुसरा टर्मिनसचा. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला आली आणि कायमची थांबली. नाव तेवढं राहिलं.

समजा, ती थांबलीच नसती. विज्ञानकथा इथून दोन वाटांनी जाऊ शकते, आणि आपण मात्र दोन्हींना सरसकट 'समांतर विश्व' म्हणून मोकळे होतो.

पर्यायी इतिहासात जग एकच असतं, फक्त मागे कुठेतरी सांधा बदललेला असतो. पुढचा सगळा हिशेब लेखकाच्या गळ्यात. ट्राम राहिली म्हणजे डोक्यावरच्या तारा राहिल्या, रस्त्याच्या मधोमध रूळ राहिले. मग उड्डाणपुलाचे खांब कुठे रोवणार? लोखंड तेच, भौतिकशास्त्र तेच, त्यामुळे तंत्रज्ञान फुकटात पुढे सरकत नाही. आणि एकदा केलेली निवड चिकटून बसते. व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली गाडी १९२५ साली १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर धावली. मुंबईच्या हार्बर लोकलमार्गावरून ते डीसी गेलं २०१६ साली!

समांतर विश्वात दोन्ही जगं एकाच वेळी नांदत असतात. मी टीटीला बसमधून उतरतो, तर समोर ट्राम उभी. फोन काढतो, रेंज नाही. पानवाल्याकडे चार्जर मागतो, तर पिनच वेगळी. इथे ट्राम का टिकली हे कुणी सांगितलं नाही तरी चालतं. गोष्ट त्या न बसणाऱ्या पिनेत आहे. एक जग पुढे, दुसरं मागे, की मग उसनवारी आली, चोरी आली.

भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी १९५७ साली क्वांटम सिद्धांतावरून मांडलेल्या कल्पनेत विश्वाला अशा फांद्या फुटतात खऱ्या, पण एकीवरून दुसरीवर उडी मारता येत नाही. दोन जगांमधलं दार ही लेखकाची सोय. माझी त्याला हरकत नाही. उगाच 'क्वांटम'चा मुलामा दिला की मात्र चिडचिड होते.

माझी कसोटी साधी आहे: दोन्ही जगं ठाऊक असलेलं पात्र गोष्टीत आहे का? असेल तर समांतर विश्व, नसेल तर पर्यायी इतिहास.

जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा दोन्हीकडे पाय ठेवून उभी आहे. १७६१ चं पानिपत मराठे जिंकतात, युरोपातलं तंत्रयुग ओळखून स्वतःची विज्ञानकेंद्रं काढतात: हे झालं इतिहासाचं काम. पण त्या जगात जाऊन पोहोचलेल्या गंगाधरपंतांना आपलं, हरलेलं पानिपत आठवतं, आणि परतल्यावर तिथल्या बखरीचं फाटकं पान त्यांच्या खिशात निघतं.

माझ्या गोष्टीत ट्रामचं तिकीट निघेल.