परदेशात बिअर स्वस्त कुठे मिळेल? आमच्या सहलींना येणाऱ्यांसाठी माहिती

१ जूनला मासेमारी बंद होते, आंब्याच्या पेट्यांचा हिशेबही तोवर आटोपत आलेला असतो, आणि आमच्या मालवणच्या ऑफिसात थायलंड, व्हिएतनाम, सिंगापूर, दुबईची चौकशी सुरू होते. विमान, हॉटेल, जेवण सगळं बोलून झालं की उठता उठता हळूच एक प्रश्न येतो : "आणि तिकडे बिअर काय भावाने?" यात लाजण्यासारखं काही नाही. सहलीच्या खर्चातला तो मोठा भाग असतो आणि बहुतेकांचा अंदाज तिथेच चुकतो. म्हणून हे पत्रक.

पेयाची किंमत मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : त्या देशाचा कर आणि तुम्ही बसता ती जागा. कराचं गणित सिंधुदुर्गातल्या माणसाला समजावून सांगायला नको. बांदा सोडून पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली की त्याच बाटलीचा भाव कसा उतरतो, ते आपण लहानपणापासून पाहतो. देशादेशांतही तसंच आहे. सिंगापूरमध्ये कर जबर, म्हणून बिअर महाग. मलेशियातही महागच, पण त्याच मलेशियाचं लंगकावी बेट करमुक्त असल्यामुळे तिथे स्वस्त.

स्वस्ताईत आमच्या मते पहिला नंबर व्हिएतनामचा. हनोईत 'बिआ होय' नावाची ताजी बिअर मिळते. ती रोज पिंपातून येते आणि त्याच दिवशी संपवायची असते. सकाळी उतरवलेली माडी संध्याकाळी तशी राहत नाही, तसाच हा प्रकार. चवीला हलकी, नशा कमी. फुटपाथवर प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसायचं, सोबत भाजलेले शेंगदाणे. आपल्याकडच्या एका बाटलीच्या पैशांत दोन-तीन ग्लास सहज होतात. तीच बिअर हॉटेलच्या गच्चीवर मागवलीत तर हा हिशेब विसरा. मात्र भाड्याची स्कूटर घेतली असेल तर एक घोटही नको. व्हिएतनाममध्ये २०२० पासून पिऊन गाडी चालवण्याला अजिबात सूट नाही, अगदी सायकललाही नाही.

थायलंडमध्ये चौकाचौकात असलेल्या चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानांतून स्थानिक बिअर घ्या. बीचवरच्या बारपेक्षा ती बरीच स्वस्त पडते. दुकानं चोवीस तास उघडी असली तरी दारूविक्रीच्या वेळा कायद्याने ठरलेल्या आहेत आणि त्या अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्याआधी आम्हाला विचारा. तिथे वयाची अट २० आहे. मलेशिया आणि दुबईत २१. कॉलेजातला मुलगा सोबत असेल तर त्याच्यासाठी मागवू नका.

सिंगापूरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्या लोकांचे सर्वांत जास्त पैसे तिथेच जातात. मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के जीएसटी वाढणार, हे धरून चाला. नदीकाठच्या झगमगाटात बसण्यापेक्षा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या गाळ्यांत जा. तिथे जेवणही चांगलं आणि बिअरही परवडते. रात्री साडेदहा ते सकाळी सात या वेळात दुकानातून दारू मिळत नाही आणि सार्वजनिक जागी पिताही येत नाही. ज्यांची सहल सिंगापूर-मलेशिया अशी जोडून आहे, त्यांनी क्रम नीट पाहावा. भारतातून थेट सिंगापूरला उतरलात तर ड्यूटी-फ्रीमधून एकूण २ लिटरपर्यंत सवलतीत नेता येते. मलेशियातून सिंगापुरात शिरताना ही सवलत मिळत नाही. लंगकावीतून हौसेने घेतलेल्या बाटलीवर पूर्ण कर भरावा लागतो.

दुबईला उतरताच विमानतळावरच्या ड्यूटी-फ्रीमध्ये खरेदी करा, ४ लिटरपर्यंत नेता येते. शहरातल्या परवानाधारक दुकानांतून घ्यायची असेल तर पर्यटकाला पासपोर्टवर मोफत परवाना मिळतो. हॉटेल स्वस्त म्हणून शेजारच्या शारजात उतरणार असाल तर तिथे दारूबंदी आहे, बाटली सोबत नेऊ नका. मालदीवचंही तसंच : स्थानिक लोकांच्या बेटांवरचं गेस्टहाऊस स्वस्त, पण तिथे दारू नाही, ती रिसॉर्टवर मिळते. श्रीलंकेत पौर्णिमेला विक्री बंद असते, म्हणून कालनिर्णय पाहून तारीख ठरवा.

युरोपच्या सहलीत सुपरमार्केट हाच खरा मित्र. जर्मनीत बाटलीवर अनामत घेतात, रिकामी परत केली की पैसे मिळतात. पर्यटक मात्र बाटल्या खोलीत टाकून येतात.

आता काळजीची गोष्ट. फुकटचे शॉट, बादलीत मिसळून दिलेलं मद्य, लेबल नसलेली बाटली, यांच्या वाटेला जाऊ नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसच्या वांग वियेंगमध्ये मिथेनॉल हे विष मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटक दगावले. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, हे आपण विसरलेलो नाही. अनोळखी ठिकाणी कंपनीची सीलबंद बिअर सर्वांत सुरक्षित. पिऊन दुसऱ्या दिवशीसुद्धा नजर धूसर झाली, डोकं फार दुखलं, उलट्या होऊ लागल्या तर हँगओव्हर समजून पडून राहू नका, तडक इस्पितळात जा आणि आमच्या सहल व्यवस्थापकाला उठवा, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात.

भारतात परत येताना प्रत्येकाला २ लिटर करमुक्त आणता येते. यात बिअरही धरतात, म्हणजे अर्ध्या लिटरचे चार कॅन घेतलेत की कोटा संपला. तो बिअरवर घालवू नका, चांगली व्हिस्की घ्या. मध्ये विमान बदलायचं असेल तर ड्यूटी-फ्रीची सीलबंद पिशवी घरी पोहोचेपर्यंत फोडू नका, नाहीतर पुढच्या तपासणीत बाटली काढून घेतील. गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरून गाडीने घरी येणाऱ्यांनी बिल आणि बोर्डिंग पास खिशातच ठेवावा. आणि त्या पिशवीत गोव्यातल्या दुकानातली एखादी बाटली सरकवू नका. तिला ड्यूटी-फ्रीचं बिल लागू होत नाही, आणि हद्दीजवळच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर अडकलात तर आम्हाला काहीही मदत करता येणार नाही.

बारमध्ये कार्ड देताना मशीनवर 'रुपये की स्थानिक चलन' असं विचारलं तर स्थानिक चलन निवडा. रुपये निवडलेत तर दर वाईट लागतो.

तुमच्या सहलीतल्या देशाचे सध्याचे नियम आणि विक्रीच्या वेळा निघण्याच्या आठवड्यात आम्ही पुन्हा तपासून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. तिकिटं न्यायला याल तेव्हा गटातल्या सर्वांचे नंबर लिहून द्या.