२२० वर्षांची वाईन खराब का झाली नाही?

फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत जुरा नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथल्या आर्ब्वा गावात आनातोआल व्हेर्सेल नावाच्या द्राक्ष बागायतदाराने १७७४ च्या द्राक्षांची वाईन बनवली. इकडे पुरंदरवर सवाई माधवरावांचा जन्म झाला ते हे साल! त्या बाटल्या पिढ्यानपिढ्या घराण्याच्याच तळघरात राहिल्या आणि १९९४ मध्ये एक उघडून २४ जाणकारांनी चाखली तर त्यांनी १० पैकी ९.४ मार्क दिले. अक्रोड, दालचिनी, व्हॅनिला, सुकामेवा आणि चक्क करीचा स्वाद आला म्हणे.

वाईन जितकी जुनी तितकी भारी असं सरसकट धरून चालतात लोक, पण तसं अजिबात नाहीये. बहुतेक वाईन थोड्या वर्षांत पिऊन टाकायच्याच असतात. बुचातून अगदी थोडी थोडी हवा आत जात राहते, फळांचा ताजा वास उडतो, रेड वाईनमधला रंग आणि टॅनिन (द्राक्षाच्या सालीतला तुरट घटक) एकमेकांना चिकटून तळाशी गाळ होऊन बसतात, आणि हवा फारच शिरली तर बॅक्टेरिया अल्कोहोलचं सरळ व्हिनेगर करून टाकतात.

मग ही कशी टिकली? तर ही 'वाँ जोन', म्हणजे पिवळी वाईन. एरवी लाकडी पिंपातली वाईन उडून कमी झाली की वरून भर घालतात, हिच्यात मुद्दाम घालत नाहीत. त्या रिकाम्या जागेत वाईनवर यीस्टचा थर धरतो, दुधावर साय धरते तसा. हे यीस्ट अल्कोहोलवर जगतं आणि त्यासाठी लागणारा ऑक्सिजन वरच्यावर स्वतःच वापरून टाकतं, त्यामुळे खालच्या वाईनला हवा लागते पण बेताने. आजच्या नियमाने ही वाईन किमान ६ वर्षं पिंपात मुरवतात, तोवर लिटरमागे ६२० मिलीच उरते, म्हणून आजची बाटलीही ६२० मिलीची. बाटलीत जाईपर्यंत ती ऑक्सिजनला इतकी सरावलेली असते की पुढे बुचातून येणाऱ्या थोड्याशा हवेने तिचं फारसं बिघडत नाही.

आणि तो करीचा वास? यीस्ट अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड बनवतं, त्यातून पुढे हळूहळू सोटोलॉन नावाचं रसायन तयार होतं, जे आपल्या मेथीदाण्यातही असतं!! लिटरमध्ये काही मायक्रोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं.

मला खरं थक्क करतं ते हे की सूक्ष्मजीवांमुळे वाईन बिघडते हे लुई पाश्चर यांनी दाखवलं १८६० च्या दशकात, तेही याच आर्ब्वातल्या वाईन तपासून, कारण ते लहानाचे मोठे इथेच झाले. व्हेर्सेलची वाईन त्याच्या आधी जवळपास ९० वर्षांची, तेव्हा पिंपातल्या वाईनवरचा थर मोडायचा नाही एवढं अनुभवाने कळलेलं, का ते कुणालाच माहीत नव्हतं. २०१८ मध्ये त्याच साठ्यातली एक बाटली लिलावात १,०३,७०० युरोला गेली.

कुणाच्या जुन्या घरात अशी बाटली सापडलीच तर लेबलच्या आधी वाईनची पातळी बघा. मानेपर्यंत भरलेली असेल तर आशा आहे, खांद्याच्याही खाली गेली असेल तर बुचाने केव्हाच दगा दिलाय.