वसईची वाडी

वसईची वाडी म्हणजे पालघर जिल्ह्यातल्या वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली, एकाच घराने पिढ्यानपिढ्या कसलेली फळं, भाजी आणि फुलांची बागायती शेती. रेल्वेलाईन आणि अरबी समुद्र यांच्यामधे ही गावं येतात, गास, निर्मळ, वाघोली, भुईगाव, नंदाखाल, गिरीज, आगाशी वगैरे. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, जमीन रेताड पण सुपीक, आणि एकेकाळी गोडं पाणी हाताला लागेल इतकं वर. एका घराची वाडी एकर दोन एकरच्या वर क्वचितच जायची, बऱ्याचदा त्याहून कमीच, तरी त्यावर दहा-पंधरा माणसांचं एकत्र कुटुंब उभं राहायचं, कारण जमिनीचा कोपरासुद्धा रिकामा ठेवायची पद्धत नव्हती. मधे केळी, केळीच्या सावलीत अळू नाहीतर हळद, मांडवावर पडवळ, कारली, दुधी, शिराळी, बांधाला नारळ, एका बाजूला पानवेल आणि घराजवळ मोगरा, अबोली, चाफा.

वाडी कसणारे सगळे एका जातीधर्माचे नाहीत. सामवेदी ब्राह्मण, सामवेदी ख्रिस्ती म्हणजे कुपारी, वाडवळ, भंडारी अशी घरं शेजारी शेजारी आहेत. 1534 ला वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1739 ला चिमाजी आप्पांनी ती जिंकली, मधल्या दोनशे वर्षांत बरीच घरं ख्रिस्ती झाली. आडनावं डाबरे, लोपीस, परेरा झाली पण घरातली कादोडी बोली तीच राहिली आणि केळी लावायची रीतही तीच राहिली. आज पाटलांच्या आणि परेरांच्या वाडीत उभं राहिलं तर कुठली कोणाची हे झाडांवरून सांगता येणार नाही, आणि मला तरी वसईच्या इतिहासातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

या शेतीचा खरा कणा बावखल. बावखल म्हणजे वाडीत किंवा वाड्यांच्या मधे खोदलेलं छोटं तळं. पावसाळ्यात ते भरतं, पाणी हळूहळू जमिनीत मुरतं, आसपासच्या विहिरी त्यामुळे उन्हाळ्यापर्यंत गोड राहतात आणि समुद्राचं खारं पाणी आत सरकत नाही. त्याच्यावर किंवा विहिरीवर रहाट असायचा, बैल नाहीतर रेडा गोल फिरायचा, गाडग्यांनी पाणी वर यायचं आणि पाटाने केळीत जायचं. एका बावखलावर अनेकदा चार-पाच घरांचा हक्क असायचा, पाळी ठरलेली, आणि भाऊ वेगळे झाले, जमिनीची वाटणी झाली तरी बावखल सामाईकच राहायचं. खत म्हणजे शेण, पेंड आणि कोळीवाड्यातून येणारी सुकी मासळी.

केळी इथे बऱ्याच जातींची, वेलची, मुठेळी, भुरकेळी, तांबडी, पण मान राजेळीचा. पिकलेली राजेळी सोलून, पाऊस गेल्यावरच्या उन्हात बरेच दिवस वाळवली, रोज उलटी-पालटी केली आणि रात्री झाकून ठेवली की मधाच्या रंगाची सुकेळी होते, तिच्यात साखर घालत नाहीत, काहीच घालत नाहीत. हे काम घरातल्या बायकांचं, आणि सासूकडून सुनेकडे आलेलं. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमधे आगाशीच्या सुक्या केळ्यांचं नाव आहे, आणि कार्तिकातल्या निर्मळच्या जत्रेत लोक सुकेळी शोधत यायचे.

1860 च्या दशकात बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे आली, 1867 मधे विरारहून मुंबईतल्या बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली आणि वाडीला मुंबईचं गिऱ्हाईक मिळालं. पानाचे करंडे रेल्वेने पार उत्तर हिंदुस्थानात जायला लागले. पण घर चालवलं ते रोजच्या टोपलीने. पहाटेच्या लोकलने भाजी, केळी, फुलं घेऊन वसईच्या बायका वांद्रे, दादरपर्यंत जायच्या, कुपारी बायका लाल लुगड्यात, आणि ठरलेल्या गल्लीत ठरलेल्या घरी माल देऊन दुपारपर्यंत परत. सातबारा पुरुषांच्या नावावर असला तरी रोकड या बायकांच्या हातात यायची, मुलांच्या फिया त्यातूनच भरल्या गेल्या. त्या मुलांनी मग नोकऱ्या धरल्या. 1948 च्या कूळकायद्याने आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनाने बऱ्याच कसणाऱ्यांना मालकी मिळाली, पण पुढच्या पिढीत वाटण्या होऊन तीच मालकी गुंठ्यांवर आली, आणि चार गुंठ्यांत केळी लावून कोणाचं भागणार.

त्यातच गोडं पाणीही गेलं. रहाटाच्या जागी डिझेल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटारी आल्या, विहिरी खोल केल्या गेल्या, बिल्डिंगींसाठी आणि वस्तीसाठी विहिरींचं पाणी टँकरने विकायला लागले, आणि खारं पाणी आत शिरलं. पानवेल आणि केळी दोघींनाही खारट पाणी सोसत नाही. 1988-89 च्या सुमाराला शासनाने वसईची हिरवी जमीन बांधकामाला मोकळी करायची ठरवली तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने मोठं आंदोलन उभं केलं, टँकरविरुद्ध आणि बिल्डर लॉबीविरुद्ध. शेतीच्या बाजूने इतकं ठामपणे बोलणारे धर्मगुरू महाराष्ट्रात थोडेच झाले (2020 ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच होते). 2009 ला वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा या पट्ट्यासकट 29 गावं वगळा म्हणून परत लढा झाला.

पश्चिमेची बरीच हिरवाई या आंदोलनांमुळेच टिकली असं म्हणायला हरकत नाही. रेल्वेच्या पूर्वेला मात्र भराव पडत गेले, पाण्याला जायला वाट उरली नाही, आणि जुलै 2018 च्या पावसात वसई-नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली जाऊन गाड्या बंद पडल्या. मे 2021 च्या तौक्ते वादळात उभ्या केळी आडव्या झाल्या.

सध्या वाडी टिकलीय ती मुख्यतः फुलांवर आणि पालेभाजीवर, कारण सोनचाफा आणि मोगरा कमी जागेत येतो आणि दादरच्या फुलमार्केटला रोज लागतो. राजेळी लावणारी घरं थोडी, सुकेळी करणारी त्याहून थोडी. बुजवलेली बावखलं साफ करायचं, राहिलेली वाचवायचं काम गावातलीच तरुण मंडळी करतायत, पण बावखल ज्या जमिनीत आहे तिच्या सातबाऱ्यावर आता वीस-पंचवीस नावं असतात, काही मुंबईत, काही परदेशात, आणि गाळ काढायचा म्हटलं तरी आधी त्या सगळ्यांना फोन करावे लागतात.