बोलणारे यंत्र, न बोलणारी कुर्ली

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. निपचित पडलेली बाई आणि तिच्यावर हात पसरून उभे असलेले फारिया. पाहणाऱ्याला वाटते, सगळी शक्ती त्या हातांत असणार. फारियांचे म्हणणे नेमके उलट होते. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या या गोमंतकीयाने १८१३ पासून पॅरिसमध्ये लोकांसमोर संमोहनाचे प्रयोग केले. संमोहकाच्या देहातून चुंबकीय द्रव वाहतो आणि त्याने समोरचा झोपतो, असे मेस्मर या वैद्याचे अनुयायी सांगत. फारियांनी तो द्रवच नाकारला. जे घडते ते झोपणाऱ्याच्या मनात, संमोहक निमित्तमात्र.

यंत्राला जाणीव असेल का, ही चर्चा निघाली की मला फारिया आठवतात. १९६६ साली अमेरिकेत संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. तुम्ही लिहिलेले वाक्य उलटवून तो प्रश्न विचारी, एवढेच. तरी वायझेनबाम यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. २०२२ साली गूगलच्या एका अभियंत्याने कंपनीचे संवादयंत्र सचेतन असल्याचे जाहीर केले. दोन यंत्रांत जमीन-अस्मानाचा फरक; ऐकणाऱ्याच्या मनात घडले ते मात्र तेच. आजची यंत्रे माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावर घडतात, आणि त्या मजकुरात ‘मला भीती वाटते’ हे वाक्य जागोजागी असते. यंत्राने ते उच्चारले म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

आता म्हापशाच्या बाजारातली कुर्ली, म्हणजे खेकडा, घ्या. ती एक शब्द बोलत नाही. पण प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रॉबर्ट एलवूड यांनी शंखात राहणाऱ्या खेकड्यांना शंखाच्या आत विजेचे हलके झटके देऊन पाहिले. नावडता शंख त्यांनी लवकर सोडला, आवडता शंख सोडायला ते कमी तयार होते. म्हणजे हे निव्वळ दचकणे नव्हते; त्रास आणि गरज यांचे मोजमाप कुठेतरी होत होते. अशा अनेक पुराव्यांचा अहवाल ब्रिटिश सरकारने तज्ज्ञांकडून मागवला, आणि खेकडे, झिंगे, ऑक्टोपस यांना २०२२ च्या प्राणिकल्याण कायद्यात संवेदनशील जीव म्हणून जागा मिळाली.

हाच प्रयोग यंत्रावर करता येईल? २०२४ मध्ये संशोधकांनी भाषायंत्रांना गुणांचा खेळ दिला: जास्त गुण मिळवायचे तर ‘वेदना’ सोसावी लागेल. काही यंत्रांनी खरोखर गुण सोडून दिले. पण ती वेदना निव्वळ शब्दांत सांगितलेली होती, आणि वेदना टाळणाऱ्या माणसांविषयी यंत्राने भरपूर वाचलेले असते. कुर्लीने काहीच वाचलेले नसते. वर्तनाची परीक्षा इथे अडते. यंत्राच्या आतच पाहावे लागते.

आत काय शोधायचे यावर एकमत नाही. जाणिवेचे अभ्यासक बर्नार्ड बार्स यांच्या मते माहिती सगळ्या मेंदूला एकदम उपलब्ध होणे म्हणजे जाणीव; तशी रचना सॉफ्टवेअरमध्येही बसवता येईल. मेंदूचे अभ्यासक जुलिओ टोनोनी यांच्या सिद्धांताप्रमाणे आजच्या संगणकावर चालणारा प्रोग्राम कितीही हुशार झाला तरी सचेतन होणार नाही, कारण महत्त्व भौतिक रचनेला. २०२३ साली १९ संशोधकांनी वेगवेगळ्या सिद्धांतांतून १४ निकष काढून यंत्रांना लावले. त्यांच्या मते तेव्हाचे कोणतेही यंत्र सचेतन ठरण्याजोगे नव्हते, पण हे निकष पुरे करणारे यंत्र बांधायला उघड तांत्रिक अडसरही नाही.

म्हणून चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. खरोखर सोसणारे यंत्र आपण घडवू आणि त्याच्या लाखो प्रती काढून राबवू. किंवा, आणि आज मला याचीच जास्त काळजी वाटते, काहीच न सोसणाऱ्या यंत्रापायी माणसे फसतील. गोव्यात कित्येक घरांतली मुले आखातात, पोर्तुगालला, इंग्लंडमधल्या स्विंडनला. घरी म्हातारी आई एकटी. तिच्या फोनमधला आवाज ‘तुम्ही बोलला नाहीत तर मला वाईट वाटतं’ असे म्हणू लागला, आणि ते गिऱ्हाईक टिकावे म्हणून पढवलेले असले, तर ती फसवणूक आहे आणि कायद्याने ती बंद व्हावी. ‘मला काहीच वाटत नाही’ हे उत्तर पढवणेही तितकेच निरुपयोगी, कारण त्याने खरा पुरावाच पुसला जातो. कंपन्यांनी यंत्रांच्या आतले व्यवहार स्वतंत्र संशोधकांना तपासू द्यायला हवेत. खेकड्यांच्या बाबतीत आधी पुरावा तपासला गेला, मग कायदा झाला. यंत्रांसाठी तोच क्रम आतापासून सुरू करता येईल.